चार खळगे

"ताई, खुर्ची नेतो, पण गालिचाही काढून टाका. फार वर्षं बसलीय ती त्यात," सुतारकाका म्हणाले होते. मी हसण्यावारी नेलं. "काका, नवरा गेला. आता गालिचाही घालवू?"

खुर्ची त्याचीच होती. तो जाऊन सात महिने झाले होते आणि घर आता मला माझ्या मनासारखं लावायचं होतं. जड पडदे उतरवले, भिंती पिवळ्या केल्या, बाळाचा पाळणा खिडकीपाशी आणला. गालिच्यात खुर्चीच्या पायांचे चार खळगे तेवढे उरले. त्यांवर वाफेची इस्त्री फिरवली. सकाळी ते पुन्हा उमटलेले होते, वीतभर पुढे, पाळण्याच्या दिशेनं.

मग रोज एक वीत. वाटेत पुस्तकांचं कपाट आडवं घातलं, तर सकाळी खळगे कपाट ओलांडून पाळण्याच्या बाजूला.

"बाळाला घेऊन इकडे ये बघू," आई फोनवर म्हणाली.

"घर माझं आहे, आई. मी का निघू?"

एक कळलंय, माझी नजर असेपर्यंत खळगे हलत नाहीत. म्हणून आज दुपारपासून पाळण्याला पाठ टेकून त्यांच्यासमोर बसलेय. "बस तिथेच," मी त्याला बजावलं. "बाळाला हात लावायचा नाही."

खळगे हलले नाहीत. ते हळूहळू भरून आले, कुणी खुर्चीतून उठावं तसे.

आता माझ्या पाठीला पाळण्याचे झोके जाणवताहेत. मी नजर हटवणार नाही, हरणारही नाही. तुम्ही एवढंच बघा, बाळ पाळण्यात आहे ना?