ऊन उतरायच्या आत

घाटात दरी दिसली रे दिसली की नवरा गाडी थांबवायचा, फोटो काढायचा आणि रिकामी बाटली खाली भिरकावायचा.

मागून सासूबाईंनी दुसऱ्यांदा चाचरत विचारलं, "अरे, कुठे बाथरूम मिळेल का?"

"आता स्मारकावरच, आई. ऊन उतरलं तर व्हिडिओची वाट लागेल."

स्मारकाशी बायको उतरताच त्याने गाडी बाहेरून लॉक केली.

"अहो, आधी आईंना…"

"तिच्या चालीने अंधार पडेल. दोन मिनिटं!"

हुतात्मा स्तंभासमोर छाती फुगवून त्याने कडक सलाम ठोकला. तोही तीनदा, कारण आधीच्या दोन्ही वेळी डोळ्यांत पाणी दिसलं नव्हतं.

परतले तेव्हा सासूबाई सीटवर शाल पसरून, मान खाली घालून बसल्या होत्या. त्याने नाक दाबलं. "शी! आई, लहान आहेस का तू?"

मग बाहेरच उभं राहून त्याने व्हिडिओ लावला. सलामाच्या हातामागे गाडी स्वच्छ दिसत होती, आणि तिच्या काचेवर आतून आपटणारा एक सुरकुतलेला तळवा. बायकोने त्या तळव्यावर बोट ठेवलं. त्यानेही तो पाहिला. थांबवून, मोठा करून पाहिला.

"मस्त आलाय," तो म्हणाला. "फक्त मागची गाडी तेवढी कापून टाक."