उभ्या गाडीची चाकं

“अहो वहिनी, पण चालवणार कोण?” मेस्त्रीने हातातला पाना खाली ठेवून विचारलं.

“कोणी नाही,” वहिनी म्हणाल्या. “अंगणात उभीच राहणार आहे. तुम्ही क्रोमची चाकं दाखवा.”

मेस्त्री चक्रावला. मोटरसायकल त्याच्या ओळखीची होती आणि तिचा मालक, म्हणजे वहिनींचा नवरा भाऊ, तोही. बस चालवून रिटायर झालेला हा माणूस गॅरेजमध्ये आला की कधी स्टुलावर टेकायचा नाही. मेस्त्रीच्या डोक्यावर उभा राहून, “तो नट आवळलास का? ती वायर बघितलीस का?” करत नुसता जीव खायचा. मग त्याला चक्कर यायला लागली. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं आणि गाडीवर कापड पडलं. आज वहिनींच्या दिराने ती ढकलत आणून गॅरेजच्या दारात लावली होती.

चाकं काळ्या रंगाची, साधी, पण ठणठणीत. ती काढून क्रोमची घालायची आणि गाडी उभी करून ठेवायची? मेस्त्रीला काही केल्या टोटल लागेना.

“विकायचा विचार आहे का? मग चाकांच्या फंदात पडू नका. गिऱ्हाईक इंजिन बघतं.”

“विकते कशाला! जीव आहे त्यांचा तिच्यात.”

“मग जावईबापूंना द्यायची असेल.”

“जावयाला सायकल धड येत नाही.”

मेस्त्री हसला, पण त्याचं कुतूहल काही शमेना. “भाऊंना विचारलंत ना? नाहीतर उद्या येऊन माझी हजामत करतील.”

“येऊन करू देत की. त्यांच्यासमोरून गाडी ढकलत आणली, मेस्त्री. खिडकीतच बसले होते. कुठे नेताय म्हणून विचारलंसुद्धा नाही.” वहिनी मेस्त्रीजवळ सरकल्या. “पेपर उघडत नाहीत. वाढलं तर जेवतात, नाही वाढलं तर मागत नाहीत. जन्मभर त्यांना म्हणत आले, जरा स्वस्थ बसा. आता बसलेत, तर मला भीती वाटते हो.”

मेस्त्रीने आतून एक नवंकोरं चाक आणून खोक्यावर ठेवलं. वहिनींनी वाकून पाहिलं, बोट लावलं. बोटाचा ठसा उमटला. मेस्त्रीने लगेच फडक्याने तो पुसला.

“हेच, बघा! याला बोटसुद्धा सहन होत नाही. काळ्या चाकांचं बरं असतं, वर्षभर ढुंकून बघितलं नाही तरी तक्रार नाही. क्रोम रोज पुसावं लागतं. उभ्या गाडीचं तर जास्तच. धूळ बसली, दव पडलं की डाग. आठवडाभर हात फिरला नाही तर गंज. आणि वरवर पुसून भागत नाही, एकेका स्पोकमधून फडकं घालावं लागतं.”

“रोज?” वहिनींनी मान वर केली. “म्हणजे एक दिवससुद्धा टाळून चालणार नाही?”

“छे! तेच तर कधीचं सांगतोय. नसती कटकट आहे. तुमच्याच्याने व्हायचं नाही ते.”

“माझ्याच्याने मुळीच व्हायचं नाही,” वहिनी घाईघाईने म्हणाल्या. “आणि त्यांना तर डाग बघवत नाही. क्लीनरने बसची काच पुसली, तरी हे पुन्हा पुसायचे.”

वहिनी आता गाडीभोवती फिरत होत्या. हँडल, आरसे, मडगार्ड, सायलेन्सर, सगळं निरखून झालं.

“हे सगळं मिळतं का हो क्रोममध्ये?”

“मिळतं की. पण आधीच सांगतो, त्या सगळ्यालाच गंज चढतो.”

“मग सगळंच बसवा.”