तिसरं पिवळं फोल्डर

पुरुषोत्तमनगरला गजराबाईंचा जुना कॉम्प्युटर सारखा अडकायचा, म्हणून लेक नवनीत पुण्यात बसून इंटरनेटवरून त्याचं विंडोज साफ करत होता. "माय, मी करी ऱ्हायनू, तू हात नको लावजो," सांगून त्याने फोन ठेवला. गजराबाई पडद्यासमोर बसून आपोआप फिरणारा बाण कौतुकाने पाहत राहिल्या. फायली पुसत बाण तिसऱ्या पिवळ्या फोल्डरवर आला, तशा त्या पुढे सरकल्या. त्यात गेलेल्या धन्यांनी म्हटलेली भजनं होती, पण फोल्डरला नाव दिलेलंच नव्हतं. त्यांनी फोन लावला, तो लागेना. माउस गच्च धरला, तर बाण नुसता थरथरला, फोल्डर दिसेनासं झालं आणि कचऱ्याची टोपलीही रिकामी झाली. मग नवनीतनेच खुशीत फोन केला. "माय, आते मस्त चाली ऱ्हायना ना?" "हाव भाऊ," रिकाम्या टोपलीवरची नजर न काढता त्या लेकाला म्हणाल्या, "भलता पळी ऱ्हायना."