हीटरपुरतं तेल

राजदीपनं बाटलीचं बूच काढलं, नाक आत खुपसलं आणि तोंड वाकडं केलं.

"हे रॉकेल नाई," तो बायकोला म्हणाला. "म्हातारी फसवून राह्यली आपल्याले."

रिना पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली वीस दिवसांची पोर. आठव्या महिन्यातच आली बिचारी, वजन दोन किलोसुद्धा नाही. घरी सोडताना दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तीन-तीनदा बजावलं होतं, बाळाला थंडी लागू देऊ नका, पायाला हात लावून बघत जा. आणि आज सकाळपासून सिरोंचातली लाइट गेलेली. बाहेर आभाळ भरलेलं, गोदावरीवरून झोंबरं वारं येत होतं. पोरीचे पाय गार पडत चालले होते.

कोपऱ्यात रॉकेलचा हीटर ठेवलेला होता. राजदीपच्या सोमाजीमामांनी तो फौजेतून येताना आणलेला, आणि आता नातीसाठी सिंदेवाहीहून मुद्दाम पाठवलेला. हीटर एकदम झकास. पण रॉकेल? ते रेशनवर मिळणं बंद होऊन जमाना झाला. सकाळपासून राजदीपनं रिकामा कॅन घेऊन गाव पालथं घातलं. पंपावरचा म्हणाला, डिझेल टाका. म्हणजे पोरीच्या खोलीत धूरच धूर. रंगाच्या दुकानदारानं थिनर पुढे केलं. एक जण तर म्हणाला, डिझेलमध्ये जरासं पेट्रोल मिसळा सर, मस्त पेटते. पेटते! घरासकट पेटेल ना बाबा! राजदीपला वाटलं, हे अख्खं गाव आपल्या जिवावर उठलंय. तसा हा गडी भाजीवाल्याच्या तराजूखाली हात घालून बघणारा. शाळेत मास्तर झाला म्हणून, नाहीतर पोलिसात शोभला असता.

रिकाम्या हातानं परत आला, तर घरमालकीण पोचक्का दारात बाटली घेऊन उभी. सत्तरीची बाई. घरात तेलुगू, मराठीचे शब्द मोजकेच; रिनाशी मात्र तिच्या दिवसभर गप्पा चालायच्या. खोलीकडे हात करून म्हणाली, "मंची नूने." बाटली त्याच्या हातात कोंबली आणि निघून गेली.

बदली होऊन आल्यापासूनच्या सहा महिन्यांत शाळेतल्या पोरांकडून राजदीप इतकं शिकला होता: मंची म्हणजे चांगलं, नूने म्हणजे तेल. चांगलं तेल! ज्या मालाला स्वतःहून चांगलं म्हणावं लागतं त्यात काहीतरी काळंबेरं असणारच. आणि फुकट? फुकट काऊन?

"हीटर आला त्या दिवशी हेच बाई त्याच्याकडे पाहून च्च-च्च करत होती," तो म्हणाला. "तिले हीटर बिघडवाचा आहे."

"बिघडवून तिले काय भेटते?"

"तेच तर पाहाचं आहे. मी येईपर्यंत तिले आत घेऊ नको."

"अवो, ऐका तरी, ते तेल..." रिना म्हणेपर्यंत गडी चपला घालून बाहेर. संशय आला की त्याला ऐकू कमी यायचं.

चौकात कय्यूमभाऊंचं दुकान होतं. उभी हयात स्टोव्ह आणि कंदील दुरुस्त करण्यात गेली, आता गॅसच्या शेगड्या दुरुस्त करत होते. तेलाची पारख त्यांच्याइतकी गावात कुणाला नव्हती.

"भाऊ, यात काय मिसळवलं आहे, सांगा."

कय्यूमभाऊंनी तळहातावर चार थेंब घेतले. वास घेतला. आणि सरळ चाटले.

"अरे, थुंका, थुंका!" राजदीप ओरडला.

"काऊन थुंकू? तिळाचं आहे, घाण्यावरचं. कोणी दिलं?"

"घरमालकिणीनं. मंची नूने म्हणे."

कय्यूमभाऊ असे हसले की हातातली बाटली हिंदकळली. "अरे सर, मंची नूने म्हणजे खायाचं तेल! रॉकेलले इथी गॅस नूने म्हणतेत. म्हातारीनं पोरीच्या अंगाले लावाले दिलं असन, अन तुमी हीटरमंधी टाकाले निघाले! वातच चोक झाली असती."

राजदीप ओशाळला. पण ओशाळून पोरीचे पाय गरम होणार होते थोडेच! तो तसाच घराकडे पळत सुटला.

दार नुसतं लोटलेलं होतं. पलंगावर रिना गाढ झोपलेली. मांडीवर पोर नाही, पलंगावर नाही. राजदीपनं वाकून पलंगाखालीसुद्धा पाहिलं. मग त्याला पोचक्का दिसली. ती जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती, अंगाभोवती घोंगडी. घोंगडीतून एक इवलंसं काळंभोर डोकं वर आलेलं. पोरीचं दुपटं, झबलं सगळं बाजूला काढून ठेवलेलं.

"रिना! मी सांगतलं होतं ना तुले!" तो किंचाळला आणि पोर ओढून घ्यायला त्यानं घोंगडीत हात घातला. हाताला पाय लागले. गरम. त्यानं हात काढला, पुन्हा घातला. खरंच गरम होते हो!

पोचक्का जागची हलली नाही. तिनं हीटरकडे बोट दाखवून मान हलवली. मग राजदीपच्या शर्टाचं बटण धरून ओढलं.

"बापु चालु," ती म्हणाली.

राजदीपचं डोकं पुन्हा फिरलं. "पाहा! तोंडावर चालू म्हणते मले! पोरीच्या बापाले चालू म्हणते!"

रिना डोळे चोळत उठली.

"अवो, शर्ट काढा अन पोरीले छातीशी घ्या. चालु म्हणजे पुरे. हीटर नको म्हणून राह्यली ते. बाप पुरे."