आधी गोष्ट, मग घास

फेटलेल्या अंड्यांचा फुगवलेला सुफ्ले ओव्हनमधून काढला की चार मिनिटं ताठ उभा राहतो. पाचव्या मिनिटाला फुस्स! आणि बाबांची गोष्ट पाऊण तासाची.

स्वयंपाकघराच्या दाराला बशीएवढी काच होती. तिला नाक लावून सुफ्ले करणारी लेक बघत होती. दोनशे वर्षांची सराई. वर मुक्कामाच्या नऊ खोल्या, खाली हे जेवणाचं दालन, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर एकटा पाहुणा. प्रवाशांसाठीच्या पुस्तकात कुठल्या सराईचं नाव ठेवायचं नि कुठल्या सराईचं काढायचं, हे ठरवणारा. नाव गेलं, तर या आडवळणाला जेवायला कोण कडमडणार?

सूप झालं, मासा झाला, सगळं सुरळीत. सुफ्ले टेबलावर गेला आणि बाबा उठले. हा घराण्याचा मानाचा पदार्थ. तो समोर आला की मालकाने सराईची गोष्ट सांगायची, आणि ती संपेपर्यंत पाहुण्याने चमचा उचलायचा नाही. पणजोबांची रीत. पणजोबा बहुधा मितभाषी असावेत.

“सकाळी हात जोडून सांगितलं होतं, आज दोन वाक्यांत आटपा म्हणून,” ती करवादली. “अहो, जा ना, थांबवा त्यांना!”

वाढपी म्हणजे तिचा नवराच. मधोमध खड्डा पडलेली पहिली वाटी घेऊन तो परत आला होता.

“मी? सासरे बोलताना जावयाने मध्ये तोंड घालायचं?”

“मग बसा जन्मभर वाट्या वाहत!”

दुसरा सुफ्ले गेला तेव्हा बाबा नुकते कुठे वरच्या खोलीत मुक्कामाला आलेल्या सरदारापर्यंत पोचले होते. जिना बाकी होता, विहीर बाकी होती, छताची तुळई तर अजून लांबच. पाहुणा भला माणूस. हात मांडीवर ठेवून निमूट वाफेकडे बघत होता. वाफ संपली. दुसराही बसला.

“आमच्या लेकीचा सुफ्ले म्हणजे नुसता ढग!” बाबा त्या खड्ड्याकडे हात करून कौतुकाने म्हणाले. ते स्वतः जेवायचे सगळ्या पाहुण्यांच्या मागून, उरलंसुरलं.

तिला रडू आलं. रागाचंच. आता अंडी एकाच सुफ्लेपुरती उरली होती.

तिसरा ती स्वतः घेऊन गेली. टम्म फुगलेला, वर तांबूस. तिने वाटी टेबलावर टेकवली.

“आणि ही जी तुळई दिसतेय ना...” बाबांनी वर बोट करून आ केला.

तिने एप्रनच्या खिशातला चमचा काढला, वाटीत खुपसला आणि सरळ बाबांच्या तोंडात कोंबला.

नवऱ्याने डोळे मिटून घेतले.

पाहुण्याने मात्र संधी सोडली नाही. त्याने आपला चमचा उचलला आणि खाली मान घालून खायला लागला. थोड्याच वेळात वाटीचा तळ खरवडल्याचा आवाज येऊ लागला.

बाबांनी घास घोळवला, गिळला. मग रिकाम्या होत चाललेल्या वाटीकडे बघत हळूच म्हणाले,

“अगं, हा गरम असतो होय?”