प्रत्येक ओळीत तीन सेकंद

बाईंच्या पत्राला त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचं ते पत्र, अक्षर सुवाच्य, आणि भाषा इतकी नम्र की राग धरायला जागाच नव्हती. तरी ते मनाला लागलं. 'राग मानू नये' अशी सुरुवात होती. अशी सुरुवात करणारं पत्र पुढे काय करतं, हे चाळीस वर्षं ग्रंथपाल राहिलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

निवृत्तीनंतर ते एका छोट्या मासिकात संगणकाबद्दल लिहीत. ऑपरेटिंग सिस्टीमची नवी आवृत्ती आली की जुनी आणि नवी, दोन्ही घरच्या एकाच संगणकावर आळीपाळीने कोरी करकरीत बसवायच्या आणि रोजच्या कामांना कोण किती वेळ घेतं ते मोजायचं. संगणक सुरू होणं, पत्र उघडणं, फोटो उघडणं, बंद होणं. त्यांचा स्वतःवर भरवसा नव्हता. "मी मत आधीच बनवून बसतो," ते म्हणत, "मग डोळ्यांना तेच दिसतं." म्हणून स्टॉपवॉच बायकोच्या हातात. ती एका हाताने संगणकाचं बटण आणि दुसऱ्या हाताने घड्याळाचं बटण एकदम दाबायची. हे वही घेऊन, संगणकाकडे पाठ करून बसायचे. पडद्यावर चित्र आलं की ती घड्याळ थांबवायची आणि भाजीवालीने भाव सांगावा तशी ओरडायची, "आलं! अठ्ठेचाळीस!"

पहिल्या वर्षी जुनी आवृत्ती सुरू व्हायला अठ्ठेचाळीस सेकंद लागले. दुसऱ्या वर्षी त्याच आवृत्तीला एकोणपन्नास. तिसऱ्या वर्षी एक्कावन्न. त्यांनी लिहून टाकलं, जुनी आवृत्ती आता थकत चालली आहे, बदलायला हरकत नाही.

बाईंची हरकत त्यालाच होती. 'माझ्याकडे हुबेहूब तुमच्यासारखाच संगणक आहे, आवृत्तीही तीच जुनी. माझे आजही अठ्ठेचाळीसच येतात. तुमच्या तक्त्यात मात्र प्रत्येक ओळीत तीन सेकंद वाढले आहेत. सुरू होण्यात तीन, पत्रात तीन, फोटोतही तीन. यंत्र थकलं तर मोठ्या कामात जास्त थकेल, लहान कामात कमी. सगळीकडे सारखंच मागे पडत असेल, तर दोष यंत्राचा नाही, मोजण्याचा आहे. एकदा तपासून घ्यावे.'

बायकोने पत्र मोठ्याने वाचून दाखवलं आणि चष्मा काढला. "म्हणजे तुमची ती जुनी आवृत्ती ठणठणीत आहे. थकलेली आवृत्ती घरात दुसरीच कुठलीतरी असणार."

"कोण, मी?"

"तुम्ही कसले थकताय? नुसते पाठ करून बसलेले असता."

दोघंही हसली.

दुसऱ्या दिवशी ते घड्याळ रुमालात गुंडाळून दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेले. घड्याळजीने ते दुसऱ्या घड्याळाशेजारी ठेवून बराच वेळ पाहिलं. "काका, एका सेकंदाचाही फरक नाही. उगाच शंका घेता."

त्यांना बरं वाटलं. बाईंना तसं कळवावं म्हणून दोनदा कागद पुढे ओढला. 'तुमचं चुकलं' असं लिहायची हिंमत होईना, आणि 'माझं चुकलं' असं लिहायला काय चुकलं तेच कळेना. पत्र शब्दकोशात घालून ठेवलं, ते तिथेच राहिलं. पुढे दोन वर्षं नवी आवृत्ती आली नाही. घड्याळही खणात पडून राहिलं.

मग बायकोच्या हातून दुधाचं पातेलं पडलं. आठवडाभराने पुन्हा पडलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी स्कॅनची फिल्म उजेडात धरली.

"ही डोक्यातली गाठ आजची नाही. चार-पाच वर्षं हळूहळू वाढलीय. लहान होती तेव्हा काढता आली असती." त्यांनी फिल्म टेबलावर ठेवली. "काका, घरात काहीच जाणवलं नाही? एखादी गोष्ट उशिरा लक्षात येणं, हात जरा उशिराने हलणं?"

त्यांनी अगदी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "नाही."

"मला तरी कुठे काय जाणवलं?" बायको म्हणाली. नवऱ्याची बाजू घ्यायची तिची सवय त्या खोलीतही सुटली नाही.

सात महिन्यांत ती गेली.

वर्षभराने संपादकांचा फोन आला. "सर, नवी आवृत्ती आलीय. वाचक तुमचा तक्ता मागताहेत. जमेल तसं करा, घाई नाही."

खणातून घड्याळ काढून ते पहिल्यांदाच संगणकाकडे तोंड करून बसले. आधी जुनी आवृत्ती. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली. चित्र आलं. अठ्ठेचाळीस.

त्यांनी पुन्हा मोजलं. अठ्ठेचाळीस. पत्र, फोटो, बंद होणं, सगळं पहिल्या वर्षासारखं. दहा वेळा मोजलं, कारण स्वतःवर भरवसा नव्हताच. मग जुन्या वह्या काढून टेबलावर ओळीने मांडल्या. अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास. एक्कावन्न. डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिथे त्यांच्याच अक्षरात तारीखवार लिहिलेलं होतं.

तक्ता त्यांनी पाठवला नाही. शब्दकोशातून बाईंचं पत्र काढलं आणि कागद पुढे ओढला. या वेळी खाडाखोड झाली नाही. चौकापर्यंत चालत जाऊन त्यांनी पाकीट टपालपेटीत टाकलं. आत चारच ओळी होत्या.

'उत्तराला फार उशीर झाला, क्षमा करावी. तुमचं मोजमाप अचूक होतं. आमचं यंत्रही बरोबर होतं आणि घड्याळही, पण ते घड्याळ माझी पत्नी धरत असे. तपासायला तिला न्यायला हवं होतं, मी घड्याळ घेऊन गेलो.'