वेळ कुठे जातो

"चार सेकंदांत उघडणाऱ्या रिपोर्टला चाळीस सेकंद! आणि तेही तुम्ही बाळंतपणाच्या रजेवरून आल्यापासून," साहेब सगळ्यांदेखत म्हणाले. "मन घरी आणि हात इथे, दुसरं काय होणार? दुपारपर्यंत कारण सापडलं नाही, तर हे काम मी दुसऱ्याकडे देणार."

तिची कानशिलं तापली. हा रिपोर्ट काढणारं टूल तिनं स्वतः उभं केलं होतं. लोकांच्या प्रोग्रामचा वेळ नेमका कुठे जातो, ते शोधून सांगणारं. आता त्याचाच वेळ कुठे जातोय हे कुणाला कळत नव्हतं, आणि बोट मात्र तिच्याकडे!

जागेवर येऊन तिनं आधी फोनवर घरचा कॅमेरा पाहिला. दोन आठवड्यांपूर्वी कामावर रुजू होताना तिनंच तो फळीवर बसवला होता. सांभाळायला ठेवलेल्या मावशी बाळाला उंच खुर्चीत बसवून भरवत होत्या. अजून! वाटी अर्धीही झाली नव्हती. हल्ली रोज तासभर. सकाळीच तिनं झापलं होतं, "मावशी, लक्ष कुठे असतं तुमचं?"

फोन पालथा घालून ती कामाला लागली. महिन्याभरात टूलच्या कोडमध्ये एकशे बारा बदल झाले होते. मधला धरून तिनं तिथवरचं टूल चालवलं. चार सेकंद. म्हणजे खोट त्याच्या पुढे. उरलेल्यांतला मधला धरला. चाळीस. म्हणजे त्याच्या मागे. असं निम्मं निम्मं करत सातव्या खेपेला नेमका बदल हाती आला. ती रुजू झाली त्याच्या आदल्या दिवशीचा. करणारे, साहेब.

तिनं तो वाचला. मग पुन्हा वाचला. कुणीही काहीही केलं, की टूलनं आधी विचारायचं, 'हे तिनं केलं का?' तिनं केलं असेल, तर मिनिटासकट नोंद. हे एकदा, सुरुवातीला विचारून भागलं असतं. साहेबांनी ते सगळ्यात आतल्या, पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या ओळींत टाकलं होतं. एका रिपोर्टमागे टूल वीस लाख वेळा तिची चौकशी करत होतं.

दुपारी तिनं तो बदल मीटिंगच्या खोलीत मोठ्या पडद्यावर लावला. "साहेब, सापडला चोर. तुमच्याच नावाचा निघाला."

"म्हणजे मी रिपोर्ट उघडला तरी ते हिलाच शोधत होतं?" शेजारची टेस्टर फसकन हसली.

साहेबांनी चष्मा पुसला. "काळजीपोटी केलं हो. अविश्वास म्हणून नाही."

"काळजी होती तर मला विचारायचं होतं! पाळत ठेवलीत, त्या पाळतीनंच काम रखडलं, आणि वर ठपका माझ्यावर?"

सगळ्यांसमोर तिनं त्या ओळी काढून टाकल्या. चार सेकंद.

संध्याकाळी दारात चपला काढतानाही तिच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. "पाळत, मावशी! माझ्यावर! काम मी करायचं, आणि हे बसणार माझी मिनिटं मोजत!"

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. ओट्यावर बाळाची वाटी होती, अर्धी भरलेली.

"ताई, एक बोलू? आधी मी ह्याला कडेवर घेऊन खिडकीत भरवायचे. खालच्या गाड्या बघत दहा मिनिटांत वाटी चाटूनपुसून साफ. खिडकी तुमच्या कॅमेऱ्यात येत नाही. म्हणून खुर्चीत बसवते, तुम्हाला दिसावं म्हणून. तिथे तो तोंडच उघडत नाही."

फळीवरचा लाल ठिपका दोघींकडे बघत होता. बाळानं खिडकीच्या दिशेनं हात केला.

तिला बरंच काही बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "काळजीपोटी केलं हो, मावशी."